आजीचं सोंग

शनिवारी सकाळी जिन्यावर बुटांचा आवाज आला की अक्षदा आधी घरावरून नजर फिरवायची. दोरीवरचा ओला टॉवेल काढायचा, नीलच्या नाकाखालचं पुसायचं, पोटमाळ्यावरून लोंबणारी चादर आत ढकलायची, आणि मग दारात जाऊन हसायचं. लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या अगदी टोकाला त्यांची खोली होती. त्या एका खोलीत मार्चपासून दर शनिवारी तीन विद्यार्थी शिकायला येत होते.

शिकायला म्हणजे अक्षदाच्या घराकडून. नील अडीच वर्षांचा. थंडीत दोनदा श्वास लागला म्हणून त्याला परळच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. दुसऱ्यांदा घरी सोडताना तिथल्या सुमती मॅडमनी अक्षदाला बाजूला बोलावलं. त्या वॉर्डातल्या डॉक्टर नव्हत्या, कॉलेजात शिकवायच्या. "औषध आम्ही देतो, पण मूल परत त्याच घरात जातं. घर बघायला आमच्या मुलांना कोणी शिकवत नाही. तुमची हरकत नसेल तर तिघांना पाठवू? एक डॉक्टर होणारा, एक नर्स होणारी, एक समाजकार्य शिकणारा. तिघांनी मिळून काम करायचं, एवढंच मला त्यांना शिकवायचंय."

अक्षदा हो म्हणाली. कोणी नीलवर लक्ष ठेवणार असेल तर तिला तिघं काय, तेरा जण चालले असते. झोपेतही तिची नजर त्याच्या फासळ्यांखाली असायची. तिथली कातडी आत ओढली जातेय का, गळ्यापाशी खड्डा पडतोय का. बी.कॉम.ला शिकलेलं सगळं विसरली होती, पण हे तिला कोणी न शिकवता येत होतं.

तिघांतला शंतनु दादरचा. आईवडील दोघं डॉक्टर. एवढ्याशा खोलीत पाय कुठे ठेवायचे हे त्याला तीन शनिवार कळलं नव्हतं. विक्रांत समाजकार्यवाला; पाणी किती वाजता येतं, खिडकी कुठे उघडते, पोटमाळ्यावर कोण झोपतं, असले प्रश्न विचारायचा आणि मान डोलवायचा. रेश्मा नर्सिंगची, वरळी कोळीवाड्यातली. ती आल्या आल्या नीलला उचलून कडेवर घ्यायची आणि मग बोलायला लागायची. अक्षदाला ती आवडायची.

सासूबाईंना तर तिघंही आवडायचे. लक्ष्मीबाई त्यांना "माझी पोरां" म्हणायच्या. शंतनुला बघून म्हणायच्या, "ह्यो डॉक्टर होतलो? हेका आधी कोणीतरी जेवूक घाला." मग थाळीत घावणे यायचे, आणि शंतनु नको नको म्हणत चार खायचा.

होळी झाली की लक्ष्मीबाईंच्या मसाल्याचे दिवस सुरू व्हायचे. सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हापासूनचं हे काम. परळपासून भायखळ्यापर्यंतची गिऱ्हाइकं होती त्यांची. काहींच्या सुनाही आता यायच्या. बेडगी आणि संकेश्वरी मिरची गच्चीवर वाळवायची, गॅलरीत बसून देठ काढायचे, धणे, दगडफूल, नागकेशर, सगळं घरातच मोठ्या लोखंडी कढईत भाजायचं, मग बाजारातल्या डंक्यावर कुटून आणायचं आणि परत घरात बसून चाळायचं. त्या दिवसांत चाळीतल्या पोरांना शिंका आल्या तरी कोणी काही बोलायचं नाही. लक्ष्मीबाईंचा मसाला निघाला, एवढंच म्हणायचं.

नीलही त्या दिवसांत खोकायचा. नुसता खोकायचा नाही, पाठीचा कणा वाकवून, डोळ्यांत पाणी आणून खोकायचा. आणि खोकला थांबेना की लक्ष्मीबाईच त्याला उचलायच्या. खांद्यावर उभा धरायच्या, डावा हात त्याच्या पाठीवर, आणि गॅलरीत येरझारा. त्यांच्या खांद्यावर तो जसा निवायचा तसा अक्षदाच्या कधी निवला नाही. त्यांच्या भरवशावरच तर अक्षदा फेब्रुवारीपासून पुन्हा नोकरीला लागली होती, दादरला मनमोहन सरांच्या ऑफिसात, हिशेब तपासायला. तिचा नवरा राहुल सकाळी कॉटन ग्रीनच्या गोदामात जायचा तो रात्रीच उगवायचा.

एका शनिवारी लक्ष्मीबाई गच्चीवर मिरच्या उलटायला गेल्या होत्या. शंतनु आणि विक्रांत खाली चाळीच्या मंडळाचं काम बघणाऱ्या प्रफुल्लशी बोलत होते. रेश्मा नीलला पंप देत होती; तोंडावर मास्क लावून, श्वास मोजत. मध्येच तिने विचारलं, "ताई, हा घरातला धूर आणि मिरचीची भुकटी... तुम्हाला काय वाटतं?"

अक्षदाला वाटत होतं ते गेल्या वर्षीपासून वाटत होतं. तिने आधी जिन्याकडे बघितलं.

"वाटून काय उपयोग? आईंना कोण सांगणार? त्यांच्या कढईपुढे देवालासुद्धा उभं राहायची परवानगी नाही." ती हसली. मग तिचं तिलाच ते फार झाल्यासारखं वाटलं. "हे माझ्या तोंडून आलं असं कुठे जाऊ देऊ नकोस हं. त्यांच्यापर्यंत तर नाहीच. डॉक्टरांनी म्हटलं, असं कधीतरी हळूच सांगा तुम्ही."

"टेन्शन नका घेऊ ताई," रेश्मा म्हणाली.

त्या संध्याकाळी अक्षदाला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

पुढच्या दोन शनिवारी कोणी काही सांगितलं नाही. अक्षदा वाट बघत राहिली. मग मे महिन्यात दमा दिन आला. शंतनु म्हणाला, चाळीच्या पटांगणात आम्ही पथनाट्य करतोय, मॅडमनी सांगितलंय, लोकांना समजेल असं काहीतरी करा. प्रफुल्लने मंडळाचा माइक दिला, खुर्च्या दिल्या. आदल्या शनिवारी शंतनु लक्ष्मीबाईंना म्हणाला, "आजी, तुमची एखादी जुनी साडी मिळेल? नाटकाला हवीय."

"कोण नेसतला?"

"मीच."

लक्ष्मीबाई एवढ्या हसल्या की त्यांनाच ठसका लागला. ट्रंक उघडून त्यांनी हिरवी, बारीक चौकड्यांची साडी काढून दिली. चाळीतल्या सगळ्यांनी ती वर्षानुवर्षं त्यांच्या अंगावर पाहिलेली होती.

मंगळवारी संध्याकाळी पटांगण भरलं. लक्ष्मीबाई पहिल्या रांगेत, नील त्यांच्या मांडीवर. अक्षदा ऑफिसातून धावतपळत आली आणि मागे शेजारच्या मेघनाजवळ उभी राहिली. हिरवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन शंतनु आला तेव्हाच लोक खिदळायला लागले. त्याच्या हातात भलीमोठी कढई होती. ती तो ढवळू लागला आणि खोट्या मालवणीत ओरडू लागला, "माझो मसालो, माझो मसालो." विक्रांत गुडघ्यांवर रांगत, अंगठा चोखत, नातू होऊन खोकू लागला. आजी ढवळतेय, नातू खोकतोय. आजी म्हणते, "दृष्ट लागली गो पोराक," आणि मूठभर मिरच्या ओवाळून पुन्हा कढईतच टाकते. पटांगण हसून लोटपोट झालं. लक्ष्मीबाईही हसत होत्या. अक्षदा त्यांची पाठ बघत होती. पाठ हसताना हलत होती.

मग सून आली. रेश्मा. खांद्याला पर्स, ऑफिसातून आलेली. प्रेक्षकांकडे तोंड करून, कपाळावर हात मारून ती म्हणाली, "आईंना कोण सांगणार? त्यांच्या कढईपुढे देवालासुद्धा उभं राहायची परवानगी नाही."

सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला आला. मेघना हसली नाही. तिने मान वळवून अक्षदाकडे पाहिलं. पुढच्या रांगेतली ती पाठ हलायची थांबली होती.

नाटक संपलं. टाळ्या पडल्या. पदर हातात धरून शंतनु घामाघूम होऊन लक्ष्मीबाईंकडे आला. "आजी, कसं झालं?"

"बरा केलास," त्या म्हणाल्या. साडी त्यांनी तिथेच मागून घेतली, चार पदरी घडी घातली, नीलला विक्रांतच्या हातात दिलं आणि जिना चढून वर गेल्या.

घरी राहुल आला तोवर त्याला जिन्यातच सगळं कळलं होतं. बूट काढता काढता तो अक्षदाला म्हणाला, "तू बोललीस हे त्या पोरांना?"

"मी रेश्माला म्हटलं होतं. असं नाही म्हटलं की..."

"मग कसं म्हटलंस?"

"राहुल," लक्ष्मीबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हातपाय धू. आणि गो, तेका जेवूक वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी कढई घासून, पुसून पोटमाळ्यावर गेली होती. गच्चीवरच्या मिरच्या पोत्यात भरून बाजूच्या बाईला देऊन टाकल्या होत्या. सकाळीच एक गिऱ्हाईक आलं तेव्हा लक्ष्मीबाई दारातूनच म्हणाल्या, "औंदा मसालो नाय. पुढच्या वर्साचा बघूया." आतून अक्षदाला दिसलं, बोलताना त्या हसत होत्या.

हे तिला अपेक्षित होतं. यानंतरचं नव्हतं.

ती ऑफिसला निघाली तसा नील नेहमीसारखा आजीकडे हात पसरून धावला. लक्ष्मीबाईंनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"माझ्या हाताक मिरची आसा रे बाबा. आयेकडे जा."

"आई, हात धुतलेत ना तुम्ही?" अक्षदा म्हणाली.

"इतक्या वर्सांची मिरची. धुवून जातली काय?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर अक्षदाला बरं वाटलं असतं; राग उतरतो. त्या गॅलरीत जाऊन बसल्या. नील त्यांच्या गुडघ्याला जाऊन चिकटला, तेव्हा त्यांनी त्याला ढकललं नाही, पण उचललंही नाही. अक्षदाने मनमोहन सरांना फोन करून दोन दिवस मागितले. मग आठवडा मागितला. सर म्हणाले, "अगं, आत्ताच तर जॉइन झालीस. आठवड्याने नक्की ये, नाहीतर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

त्या आठवड्यात नीलचा खोकला उतरला. खरंच उतरला. पंप दिवसातून एकदाच लागायला लागला. अक्षदा त्याच्या फासळ्यांकडे बघत बसायची आणि कातडी आत ओढली जायची नाही. तिला आनंद व्हायचा, आणि आनंद झाला की पहिली नजर दाराबाहेर बसलेल्या पाठीकडे जायची. दोनदा तिने विषय काढला.

"आई, मी त्या अर्थाने नव्हतं म्हटलं."

"मगे कसल्या अर्थान?"

अक्षदाने अगदी त्याच अर्थाने म्हटलं होतं.

"म्हणूचा तर माझ्या तोंडावर म्हणूचा होता," लक्ष्मीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मी काय तुका मारलंय असतंय?"

शनिवारी सुमती मॅडम स्वतः आल्या. मागे तिघं. मॅडम गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या. जिना चढून दमल्या होत्या, तरी गॅलरीतच थांबल्या आणि हलक्या आवाजात मुलांशी बोलू लागल्या. आत अक्षदाला सगळं ऐकू येत होतं. चाळीत गॅलरीतलं बोलणं कुणाला ऐकू येत नाही असं फक्त बाहेरच्यांना वाटतं.

"या घरात मूल दिवसभर कोण सांभाळतं, हे तुमच्यापैकी कोणी विचारलं होतं?"

"मी, मॅडम," विक्रांत म्हणाला. "आजी."

"छान. मग नाटक लिहिल्यावर ते आजीला आधी वाचून दाखवायचं काम कोणाचं होतं?"

मग शंतनु म्हणाला, "मला वाटलं रेश्मा दाखवेल. तिची जास्त ओळख आहे."

"मला वाटलं घरच्यांशी बोलणं विक्रांतकडे आहे," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "आणि मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, टीममध्ये काही लपवायचं नाही. म्हणून ताईंचं वाक्य मी यांना सांगितलं. कोणाला सांगू नका असं त्या म्हणाल्या होत्या, तेवढं सांगायचं राहिलं."

मॅडमनी चपला दाराबाहेर काढल्या. त्या आत आल्या.

लक्ष्मीबाईंनी सगळ्यांना बसवलं, कोकम सरबत दिलं. शंतनु ग्लास हातात धरून उभाच राहिला. "आजी, आमचं चुकलं. खूप चुकलं."

"बस आधी. तुझा काय चुकला नाय. पोराक त्रास माझ्या कढईचो होतो, तां खराच." त्यांनी नीलकडे पाहिलं. "बघ, कसो खेळता. पण बाबा, इतके शनवार हयसर घावणे खाल्लास. एकान तरी माझ्या बाजूक बसून माका सांगूक होया होता."

शंतनुने मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "लक्ष्मीबाई, चूक माझीही आहे. त्यांना पाठवलं मी. पण एक मार्ग आहे. विक्रांत प्रफुल्लशी बोललाय. मंडळाच्या गोदामापुढची मोकळी जागा मिळेल. भाजायचं तिथे, चाळायचंही तिथेच. घरात नुसत्या बंद बरण्या. तुमचं काम चालू राहील, नीललाही त्रास नाही."

अक्षदाला वाटलं, हे इतकं सोपं होतं. एवढं सोपं मार्चमध्येच कोणी बोललं असतं तर.

"जागा बरी आसा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "त्याच पटांगणात ना? जयसर तुमचा नाटक झाला?"

"हो... तिथेच, बाजूला."

"मगे नको. मी कढई मांडून बसलंय काय लोक म्हणतीत, दुसरो प्रयोग लागलो."

रेश्माच्या तोंडून हसू फुटलं आणि ती एकदम रडायलाच लागली. लक्ष्मीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. अक्षदाने तो हात बघितला. परक्या मुलीच्या पाठीवर तो सहज गेला होता.

"मी गावाक जातंय," त्या मॅडमना म्हणाल्या, पण सांगत होत्या अक्षदाला. "घराची कौलां बदलूची आसत. दीर एकटोच आसा थंय."

"किती दिवस?" राहुलने विचारलं. तो त्या दिवशी गोदामातून लवकर आला होता आणि दारातच उभा होता.

"बघूया."

नंतर सगळे गेल्यावर राहुल अक्षदाला म्हणाला, "थांबव तिला. मी सांगून ती थांबायची नाही. तू सांग."

"मी काय सांगू?"

"मला काय माहीत? त्या पोरीला सांगायला बरं सुचलं होतं."

अक्षदाने प्रयत्न केला. लक्ष्मीबाई पिशवी भरत होत्या तेव्हा ती जवळ जाऊन बसली. सोमवारपासून ऑफिसला जावंच लागेल, असं म्हणाली. नील तुमच्याशिवाय राहत नाही, असं म्हणाली. प्रत्येक वाक्य बोलून झाल्यावर तिच्या लक्षात येत होतं की आपण आपल्याच अडचणी सांगतोय. चुकलं, एवढा एक शब्द तिला म्हणायचा होता. पण तो म्हटला तर पुढे म्हणावं लागणार होतं की नील खोकत होता तेही खोटं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"तुझा ऑफिस महत्त्वाचा आसा, माका म्हायत आसा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पण माज्या खांद्यावर दिल्यावर तुका आता धीर धरवतलो? खरा सांग. ऑफिसात बसून तुझ्या मनात येतला, थयसर मिरचीची भुकटी आसतली."

नाही येणार मनात, असं अक्षदा म्हणाली. पण म्हणायच्या आधी थोडा वेळ गेला, आणि लक्ष्मीबाईंनी तेवढ्यात पिशवीची चेन लावली.

रविवारी संध्याकाळी लालबागच्या नाक्यावरून कोकणात जाणाऱ्या बसमध्ये राहुलने त्यांना बसवलं. अक्षदा नीलला घेऊन खिडकीखाली उभी होती. नील आधी बस बघून खूश झाला, मग त्याला कळलं. तो खिडकीकडे हात करून ताणायला लागला. लक्ष्मीबाईंनी खिडकीतून एक बोट बाहेर काढलं, त्याच्या मुठीत दिलं आणि बस हलली तसं काढून घेतलं.

सोमवारी सकाळी तिने मनमोहन सरांना फोन केला. सर चांगलं बोलले. पुढे कधी वाटलं तर विचार, असंही म्हणाले, म्हणजे जागा गेली.

पुढच्या शनिवारी रेश्मा एकटीच आली. बाकीचे दोघं कॉलेजातल्या सादरीकरणाची तयारी करत होते. तिने नीलच्या छातीला पुढून, मागून कान लावल्यासारखा बराच वेळ स्टेथोस्कोप लावला.

"साफ आहे, ताई. एकदम साफ." तिचा चेहरा क्षणभर उजळला. "आम्ही सगळं सांगणार आहोत तिथे. आमचं काय चुकलं तेपण."

"मग मार्क कापतील?"

रेश्मा घुटमळली. "नाही. चूक ओळखली की उलट जास्त देतात."

अक्षदाने मान हलवली. रेश्माला आणखी काही बोलायचं होतं, पण अक्षदाने नीलचे कपडे घड्या घालायला घेतले, तशी ती पायांत बूट सरकवून गेली.

संध्याकाळी राहुल यायच्या आधी गावाहून फोन आला. लक्ष्मीबाई गेल्यापासून अक्षदाला आलेला पहिला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पोहोचलंय, तां राहुलाक तेव्हाच सांगितलंय. पोर कसो आसा?"

अक्षदाने नीलकडे पाहिलं. तो फरशीवर पालथा झोपला होता, पाठ सावकाश वरखाली होत होती. तिला कळत होतं की एक वाक्य पुरेल. श्वास लागलाय, आई. एवढंच. उद्या रात्रीच्या बसने त्या इथे असतील, हात धुवून, काही न विचारता त्याला उचलतील. आणि आल्यावर त्यांना कळेल की कढई नसतानाही त्याला होतं. सगळ्या चाळीला कळेल. त्यांच्यावरचा तो हशा पुसला जाईल, आणि सर अजून कदाचित...

"ऐकतंस मां? पोर कसो आसा?"

"बरा आहे," अक्षदा म्हणाली.

"खोकलो?"

"नाही."

"धाप?"

"नाही, आई. अजिबात नाही. रेश्मा येऊन बघून गेली. छाती साफ आहे म्हणाली."

पलीकडे नुसत्या कोंबड्या ऐकू येत राहिल्या. फोन कट झाला का म्हणून अक्षदाने कानापासून काढून बघितला. नव्हता झाला.

"मगे बरा झाला," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आता मी येवन काय करू? ठेव. बॅलन्स जाता."